रीमच्या वेष्टनावरचे तीन बाण

गेल्या जूनमधली गोष्ट. प्रवेशाचे दिवस होते, पालकांची रांग ऑफिसपासून जिन्यापर्यंत गेली होती आणि मी भांडारात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजून घेत होते. खिडकीशी एक मुलगी येऊन उभी राहिली. एसवायची असावी. हातात भरलेली स्पायरल वही.

"मॅडम, ही कुठे टाकू?"

मी मान वर न करता सांगितलं, "बाहेर निळा डबा आहे ना, त्यात."

"तिथूनच आले," ती म्हणाली. "डब्यावर नुसतं 'सुका कचरा' लिहिलंय. ह्याचं कव्हर प्लॅस्टिकचं, स्प्रिंग प्लॅस्टिकची, आतला कागद चांगला. अशीच टाकली तर ह्याचा परत कागद होतो का? की आधी सोडवायची?"

मला उत्तर देता आलं नाही. वही माझ्याकडे ठेवून जा, विचारून सांगते, असं म्हणून मी तिला पाठवलं.

घरी जाताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत होतं. पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या भांडारात मी अठरा वर्षं आहे. माझ्या रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय कागदाचं एक पान आत येत नाही. कुठल्या विभागाने किती रीम नेले, कोणाचं मागणीपत्र सहीवाचून अडकलंय, परीक्षेला पुरवण्या पुरतील का, हे मी न बघता सांगू शकते. महिन्याला साधारण ६० रीम लागतात. ए-फोरचा ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणारा, एक रीम म्हणजे ५०० पानं, वजन सुमारे २.३४ किलो. म्हणजे दर महिन्याला १४० किलो कोरा कागद माझ्या दारातून आत जातो. तो बाहेर कुठल्या दाराने जातो आणि पुढे त्याचं काय होतं, हे मी अठरा वर्षांत एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. त्या रात्री मला याचं खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आधी कागदपत्रं चाळली. मुख्य इमारतीत हरित धोरणाची फ्रेम लावलेली आहे, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनाच्या वेळी केलेली. त्यात 'कचऱ्याचे उगमस्थानी वर्गीकरण केले जाते' असं एक वाक्य आहे. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांची प्रतही एका फाइलीत सापडली. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग कचरा करणाऱ्यानेच करून द्यायचे, हे त्यात स्पष्ट होतं. पण नियम 'सुका' या शब्दापाशी थांबत होता. सुक्या कचऱ्याच्या पोटात वही असते, चहाचा कप असतो, एटीएमची पावती, वेफर्सचं पाकीट, मिठाईचा खोका, पुठ्ठा, पेनाची रिफिल असते. मुलीचा प्रश्न त्या पोटातला होता आणि त्याचं उत्तर मला एकाही फाइलीत मिळालं नाही.

मग मी कॅन्टीनमागच्या शेडमध्ये गेले.

आमच्याकडे 'स्वच्छ'च्या दोन ताई येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: 'स्वच्छ' ही पुण्यातल्या कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. २००८ पासून महापालिकेबरोबरच्या करारानुसार त्या दारोदार कचरा गोळा करतात. तिच्या मागे आहे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, जी १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या सोबतीने उभी राहिली. आणि त्याच्याही मागे, मला नंतर कळलं, एक महाविद्यालयीन आवार आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरावेचक बायकांमध्ये साक्षरतेचं काम करायला गेल्या आणि त्यातून ही संघटना घडली. शिकवायला गेलेल्या बायका त्या कामाकडून शिकून आल्या, असं मला हे वाचताना वाटलं. माझंही पुढच्या आठवड्यात तेच झालं.

थोरल्या ताई पन्नाशीच्या. शेडमध्ये गोणपाट अंथरून बसल्या होत्या आणि समोर आमच्या कॉलेजचा आदल्या दिवशीचा सुका कचरा होता. मी स्पायरल वही पुढे केली आणि विचारलं. त्यांनी वही घेतली, स्प्रिंगचं एक टोक दातेरी चिमट्यासारखं वाकवलं आणि ओढून काढलं. चार सेकंद लागली असतील. कव्हर एका बाजूला, स्प्रिंग दुसऱ्या, पानं तिसऱ्या.

"असं दिलं तर ह्यो पांढरा कागद. तसंच दिलं तर मिक्स," त्या म्हणाल्या. "पांढऱ्याचा भाव येगळा, मिक्सचा येगळा. आमी काढतोच ओ, पण दिसाला किती काढणार?"

मी खाली बसले. त्यांच्या हातात कागद जाण्याआधी त्यांना कळलेलं असायचं तो कुठल्या ढिगात जाणार. पांढरा कागद, म्हणजे धंद्यात ज्याला रेकॉर्ड म्हणतात तो. वर्तमानपत्र. तपकिरी पुठ्ठा. रंगीत आणि गुळगुळीत कागद, त्यात आमचीच माहितीपुस्तिका. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, काच, सगळ्याची वेगळी जागा. आणि एक ढीग असा, ज्याला त्या फारसा हात लावत नव्हत्या. "ह्याला कोण घेत नाय."

त्या ढिगात कागदी कप होते. मी म्हटलं, "अहो, हा तर कागदच आहे." कॅन्टीनने प्लॅस्टिकचे कप बंद करून कागदी आणले, तेव्हा त्या खरेदीची शिफारस मीच लिहिली होती.

ताईंनी कप उचलला, उभा फाडला आणि फाटलेली कड माझ्यापुढे धरली. कागद फाटला होता, पण आतून एक पातळ पापुद्रा तसाच लोंबत होता. ताणल्यावर लांब होणारा. "ह्यो बघा. चहा गळू नये म्हणून आतनं पिलास्टिक. फाडून बघायचं, ताई. कागद असला तर सरळ फाटतो, कडंला केसं निघत्यात. पिलास्टिक असलं तर ताणतं."

केसं म्हणजे तंतू. पुनर्प्रक्रियेचं सगळं शास्त्र त्या केसांत आहे. कागद पाण्यात घुसळला की तंतू सुटे होतात, त्यांचा लगदा होतो, लगद्याचा परत कागद. दर फेरीत तंतू थोडे आखूड होत जातात. साधारण पाच ते सात वेळा ते चालतात, मग गाळात जातात. म्हणून परीक्षा विभाग जे गोपनीय कागद यंत्रात घालून बारीक शेवया करतो, त्याचा दर्जा उतरतो: तंतू आधीच कापले गेलेले असतात. म्हणून चटणी लागलेला कागद चालत नाही, तेल लगद्यातून निघत नाही. स्टेपलची पिन मात्र फारशी अडत नाही, गिरणीत ती लोहचुंबकाने आणि चाळणीने काढतात. आम्ही दरवर्षी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पिना काढायला दोन शिपाई दोन दिवस बसवत होतो. ते दोन दिवस प्लॅस्टिकचे कव्हर आणि स्पायरल काढायला दिले असते तर कितीतरी कागद मिक्समधून पांढऱ्यात गेला असता.

मी आठवडाभर रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तिथे बसले. वही घेऊन लिहीत राहिले. पावतीचा चकचकीत कागद नखाने ओरखडला की काळा होतो. तो उष्णतेवर छापणारा रसायन लावलेला कागद, रद्दीत घालायचा नाही. फळांच्या रसाचा खोका म्हणजे पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर. तो वेगळा साठवला तर घेणारे आहेत, मिसळला तर कचरा. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र गेलंच. पाळीचे पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते हाताने उघडून बघावं लागत नाही. हे शेवटचं धाकट्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि 'मुलींच्या संडासात तेवढं लिवा' असं दोनदा सांगितलं. मी ते सगळ्यात आधी लिहिलं. कुठली वस्तू कुठे टाकायची याचा बाकी तक्ता नंतर झाला, तो ठिपक्याचा कागद दुसऱ्याच दिवशी दाराच्या आतल्या बाजूला लागला.

तक्ता करताना एका शब्दाने अडवलं. आपण मराठीत 'पुनर्वापर' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. पाठकोऱ्या कागदावर कच्चं लिहिणं हाही पुनर्वापर आणि त्याचा लगदा करून नवा कागद करणं हाही. आमच्या हरित धोरणातही तसंच झालंय. मी ठरवलं की तीच वस्तू पुन्हा वापरली तर पुनर्वापर, मोडून नवी केली तर पुनर्प्रक्रिया. बोलताना सगळे रिसायकल म्हणतात, तर तक्त्यावर रिसायकलच लिहिलं. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, ताईंचं वाक्य: फाडून बघा.

तक्ता कुठे लावायचा यावरही विचार केला. नोटीस बोर्डावर लावला असता तर तो टाइमटेबलखाली गेला असता. डब्याच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर, वस्तू हातात असताना वाचता येईल असा लावला. आणि एक प्रत झेरॉक्स सेंटरच्या काउंटरवर, कारण आवारातला सगळ्यात जास्त कागद तिथे वाया जातो.

त्या मुलीला वही परत दिली, स्प्रिंग काढून. तिने पानं मोजली. मागची एकोणीस कोरी निघाली. ती तिने ठेवून घेतली.

इथपर्यंत बाहेर जाणाऱ्या कागदाचं झालं. पण माझं काम आत येणाऱ्या कागदाचं आहे, आणि शेडमधून उठताना माझ्या मनात जे आलं ते असं: आपण इतका जपून कागद वेगळा करून दिला, त्याचा लगदा झाला, कागद झाला, तो विकत कोण घेणार? मी घेते का? अठरा वर्षांच्या दरपत्रकांत हा प्रश्न मी एकाही पुरवठादाराला विचारलेला नव्हता. भारतातल्या गिरण्या परदेशातूनही जहाजाने रद्दी आणतात, कारण इथली पुरेशी स्वच्छ रद्दी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि इथे आमच्या आवारात पांढरा कागद चहात भिजत होता.

आता एक अडचण. जाणाऱ्या कागदाची परीक्षा फाडून होते. येणाऱ्याची होत नाही. कोऱ्या कागदाचं पान फाडून तो झाडाचा आहे, उसाचा आहे की जुन्या वह्यांचा, हे कोणाला सांगता येणार नाही. तिथे लिहिलेल्यावर विश्वास ठेवावा लागतो, म्हणून काय लिहिलंय ते नीट वाचता यायला हवं.

जुलैत मी नेहमीच्या तीन पुरवठादारांना पत्र पाठवलं: रिसायकल्ड कागदाचे दर कळवा. पहिल्याचा फोन आला, "मॅडम, कागद सगळाच रिसायकल होतो हो." होतो, पण तो त्या कागदाचा पुढचा जन्म, मी विचारत होते मागचा. दुसऱ्याने एक रीम पाठवला, हिरव्या पानांचं चित्र, वर 'इको-फ्रेंडली'. चौकशी केली तर उसाच्या चिपाडाचा निघाला. चिपाडाचा कागद ही चांगली गोष्ट आहे, आपल्याकडे साखर कारखाने आहेत, झाड तोडावं लागत नाही. पण त्यात एकाही जुन्या वहीचा तंतू नाही. ताईंचा ढीग त्याने हलत नाही. तो शेतातल्या अवशेषाचा कागद म्हणून घ्यावा, रिसायकल्ड म्हणून घेऊ नये. तिसऱ्याने काहीच कळवलं नाही.

तेव्हा मी खुणा शिकायला बसले. तीन बाणांचा तो गोल त्रिकोण आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो एका विद्यार्थ्याने काढलेला आहे, हे मला तेव्हा कळलं. १९७० साली, पहिल्या वसुंधरा दिनाच्या वर्षी, कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा ठेवली होती. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा गॅरी अँडरसन हा २३ वर्षांचा मुलगा ती जिंकला. आपल्या एसवाय-टीवायच्या मुलांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा. खिडकीशी उभी राहिलेली ती मुलगी मला आठवली.

पण ते तीन बाण नुसते असतील तर त्याचा अर्थ एवढाच, की ही वस्तू रिसायकल करता येण्याजोगी आहे. बाणांसोबत टक्के लिहिलेले असतील, तर वस्तूत तेवढा भाग रिसायकल केलेला आहे. आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक अशा दाव्यांसाठीच आहे. एका आकड्याच्या असण्या-नसण्यात सगळा अर्थ बदलतो. आणि प्लॅस्टिकच्या बाटलीखालचा १ ते ७ आकड्यांचा त्रिकोण तर तिसरीच गोष्ट सांगतो: प्लॅस्टिक कोणत्या जातीचं आहे, १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, ५ म्हणजे डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन, असं. त्या आकड्याचा अर्थ ती बाटली रिसायकल केलेली आहे असाही नाही आणि होईलच असाही नाही. आमच्या कार्यालयात सगळ्यांचा, माझाही, उलटा समज होता.

त्याच मानकात आणखी एक भेद आहे, आणि खरेदी करणाऱ्याने तो पाठच करावा. वापरून झालेली, म्हणजे घरातून, कचेरीतून, आमच्या शेडमधून गेलेली रद्दी, ही एक. छापखान्यातलं कात्रण, कपड्याच्या कारखान्यातल्या चिंध्या, म्हणजे ग्राहकाच्या हातात जाण्याआधीच उरलेला माल, ही दुसरी. आणि गिरणीत कागद कापताना पडलेली आपलीच कड परत आपल्याच लगद्यात टाकली, तर ती मोजायचीच नाही. गिरण्या ते पूर्वीपासून करतात, त्याने आवारातला एक किलोही कमी होत नाही.

एफएससी, म्हणजे जंगल नीट राखून घेतलेल्या लाकडाच्या मालाला मिळणारी खूण, तिच्यातही असंच आहे. ते झाडाचं चित्र बघून आपण समाधान मानतो. पण त्याखाली 'मिक्स' लिहिलंय की 'रिसायकल्ड' ते वाचायला हवं. 'रिसायकल्ड' असेल तरच सगळा माल परत मिळवलेला. आपल्या सरकारची, पर्यावरणपूरक मालासाठीची इकोमार्कची खूण १९९१ पासून आहे, मातीच्या मडक्याची. किती सुंदर खूण. मी मात्र ती माझ्या भांडारात आलेल्या एकाही वस्तूवर पाहिलेली नाही, आणि मी शोधून पाहिली.

ऑगस्टमध्ये पत्र पुन्हा लिहिलं. या वेळी एकेक वाक्य तोलून. 'ए-फोर, ७५ जीएसएम, रिसायकल्ड. वापरून झालेल्या रद्दीचं प्रमाण टक्क्यांत कळवावं. गिरणीचं प्रमाणपत्र सोबत जोडावं.' पाच जणांना पाठवलं. दोघांकडून दर आले, आणि दोघांनीही प्रमाणपत्र जोडलं होतं. एका ओळीच्या मागणीने जे झालं नाही ते तीन ओळींनी झालं.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी इथे जरा थांबते, कारण खरी किल्ली इथे आहे. कॉलेजात न्यूनतम दराने खरेदी करावी लागते. तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, ज्याचा दर कमी त्याला ऑर्डर. रिसायकल्ड कागद रीममागे थोडा महाग पडला तर समिती तो नाकारणार आणि तिचं चूकही नाही. पण तुलना समान मालाचीच होते. अट दरपत्रक मागवतानाच घातली, तर ती पूर्ण करणाऱ्यांमध्येच न्यूनतम दर बघितला जातो. दर आल्यावर 'हा जरा पर्यावरणपूरक आहे, हा घेऊ या' म्हणायला गेलात तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, आणि यायलाच हवा. म्हणून जे काही मागायचं ते पहिल्या पत्रात.

समितीसमोर जायच्या आधी कागद वापरून बघितला. झेरॉक्सवाले काका पहिल्या दिवशी म्हणाले की मशीन अडतंय. मीही घाबरले. मग आम्ही दोघांनी मिळून चार दिवस बघितलं. ऑगस्टच्या हवेत रात्रभर उघडा राहिलेला रीम, मग तो नवा असो की नेहमीचा, सकाळी कडांना वळलेला असायचा आणि अडकायचा. वेष्टनात गुंडाळून ठेवलेला कुठलाच अडकला नाही. ओल हवेची होती, कागदाची नव्हती. काका आता संध्याकाळी उरलेला रीम बंद करून कपाटात ठेवतात.

रंग किंचित करडा आहे, हे खरं. वाचताना डोळ्यांवर तो पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा मला बरा वाटतो. मागचं अक्षर पुढे कमी उमटतं. मी वीस-पंचवीस मुलांना एकेक पान देऊन आपापल्या पेनने लिहायला लावलं. बॉलपेन आणि जेल पेन चाललं, शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या दोघांची अक्षरं फुटली. तसंच टिपणात लिहून दिलं, काही न लपवता. समितीने कार्यालयीन छपाई आणि अंतर्गत परीक्षेच्या पुरवण्यांसाठी मान्यता दिली. प्रिंटर मुळातच दोन्ही बाजूंनी छापतील असे लावून घेतले, त्यात दरातला फरक भरून निघाला.

प्रमाणपत्रांचा कागद मात्र मी वेगळ्या ठिकाणाहून आणला. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी स्थापन केलेली. रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. पुण्यात जन्म काढून मी तिथे कधी गेले नव्हते. होजियरीच्या कारखान्यातून आलेल्या सुती कात्रणांचा कागद. चिंध्या बारीक कापतात, पाण्यात कुटून लगदा करतात, तो पाण्यात पसरून चौकटीच्या जाळीवर एकेक ताव उचलतात, कापडावर उलटा घालतात, दाबून पाणी काढतात, वाळवतात. कापसाचे तंतू लांब, त्यामुळे तो कागद पिढ्यान् पिढ्या टिकतो. वर सांगितलेल्या भेदानुसार हा ग्राहकाच्या हातात जाण्याआधीच्या मालाचा कागद. ढीग तोही ताईंचा नाही. पण बक्षीस समारंभात तो गुळगुळीत, लॅमिनेट केलेला कागद देण्यापेक्षा हा देणं मला कितीतरी योग्य वाटतं. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तिथे पेशवाईत कागद करणारे राहत. हे शहर हाताने कागद करायचं, हे मुलांच्या हातात असावं.

आणखी एक शोध भांडारातच लागला. पुठ्ठ्याची जुनी फाइल, लेसवाली, आठवते? गेली दहा वर्षं आम्ही ती बंद करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या फायली घेत होतो, दिसायला बऱ्या म्हणून. पुरवठादाराला सहज विचारलं की तो पुठ्ठा कशाचा. "रद्दीच्या लगद्याचा, दुसरा कशाचा असणार?" म्हणजे रिसायकल्ड वस्तू माझ्या फळीवर वर्षानुवर्षं होती, सगळ्यात स्वस्त होती आणि मीच ती काढून टाकली होती. ती परत सुरू केली आहे. प्लॅस्टिकच्या शिल्लक फायली फेकल्या नाहीत, विभागांकडे फिरत राहतात, फाटेपर्यंत.

नव्या कागदाची पहिली खेप नोव्हेंबरमध्ये आली, दिवाळीच्या सुट्टीनंतर. मी एक रीम घेऊन शेडमध्ये गेले. ताईंना वेष्टनावरचे तीन बाण दाखवले, शेजारचा आकडा वाचून दाखवला, ह्यात तुम्ही वेगळ्या केलेल्यासारखाच कागद आहे म्हटलं. त्यांनी एक पान हातात घेतलं, दोन बोटांत चोळलं, उजेडासमोर धरलं. "बरा हाय की," म्हणाल्या.

मग त्यांनी रीमचं वेष्टन उचललं, कड धरली आणि फाडलं. कागद फाटला, आतून पापुद्रा लोंबला. ओल लागू नये म्हणून आतून प्लॅस्टिक.

आम्ही दोघी ते बघत राहिलो. महिन्याला ६० वेष्टनं. त्यांनी ते 'कोण घेत नाय'च्या ढिगात ठेवलं.

पुढच्या दरपत्रकाच्या पत्रात मी चौथी ओळ घातली आहे: वेष्टन कशाचे आहे ते कळवावे. उत्तरं यायची आहेत.